अनधिकृत शनी

पद्मजाबाई टेंबे यांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढून तिथे नवं भिंग बसवण्यात आलं, तेव्हा डॉक्टरांनी त्यांना सहज विचारलं, "आता या डोळ्यानं आधी काय बघणार?" अशा वेळी पेशंट नातवंडांचं किंवा देवाचं नाव घेतात आणि डॉक्टर हसून पुढच्या डोळ्याकडे वळतात. पद्मजाबाई म्हणाल्या, "शनी."

डॉक्टर पुढच्या डोळ्याकडे वळले नाहीत. "शनी म्हणजे… ग्रह?"

"हो. कडीसकट."

या इच्छेला इतिहास होता. पद्मजाबाई कॉलेजात असताना मैदानावर एकदा मोठी दुर्बीण आणली होती आणि शनी पाहायला मुलींची रांग लागली होती. पद्मजाबाईंच्या पुढच्या मुलीनं शनी पाहिला, "अय्या" म्हणाली, आणि ढग आले. पुढे लग्न झालं, टेलिफोन खात्यातली नोकरी झाली, दोन मुलं झाली, ती परदेशी गेली, नोकरीतून निवृत्तीही झाली. शनी तेवढा राहिला. त्या मुलीनं "अय्या" का म्हटलं असेल, हा प्रश्न त्यांना अजून मधूनमधून पडत असे.

त्यांचे पती शरच्चंद्र हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आणि हडपसरच्या शिलाविहार सोसायटीचे सचिव होते. जगात दोन प्रकारच्या गोष्टी असतात, शिक्का असलेल्या आणि नसलेल्या, असं त्यांचं मत होतं. ते म्हणाले, "अगं, मग त्यात काय? आपल्या मागेच बेट आहे की. वेधशाळा आहे तिथे. शासनमान्य."

बेटाबद्दल थोडं सांगायला हवं. शिलाविहारच्या मागे तिथल्याच सर्जेराव नावाच्या गृहस्थांच्या वाडवडिलांची दगडाची खाण होती. चांगला दगड काढून झाला, मधला कच्च्या मुरमाचा उंचवटा तेवढा कोणी घेतला नाही. पावसाळ्यात खाणीत पाणी भरे आणि तो उंचवटा चारी बाजूंनी पाण्यात उभा राही. एका श्रावणात तिथून 'अंतर्देशीय द्वीप विकास मंडळा'चे अध्यक्ष गाडीतून चालले होते. या मंडळाला कार्यालय होतं, कर्मचारी होते, गाडी होती. फक्त बेट नव्हतं. अध्यक्षांनी गाडी थांबवली. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत उंचवट्यावर विज्ञान संग्रहालय, मत्स्यालय आणि वेधशाळा उभी राहिली आणि मंडळाच्या अस्तित्वाला कारण मिळालं.

टेंबे दांपत्य बेटावर गेलं ते चैत्रात, भर दुपारी. धक्क्यावर पोचल्यावर पद्मजाबाईंनी नव्या डोळ्यानं नीट पाहिलं. समोर कोरडी खाण होती, तळाला शेळ्या चरत होत्या आणि पलीकडे हाकेच्या अंतरावर तीन घुमटांचं बेट होतं. अलीकडे एक बोट होती. बोट ट्रॉलीवर चढवलेली होती आणि ट्रॉलीला ट्रॅक्टर जोडलेला होता. ट्रॅक्टरवर सर्जेराव बसले होते. खाण मंडळाला दिल्यानंतर ते जलवाहतुकीचे ठेकेदार झाले होते.

"पाणी कुठे आहे?" पद्मजाबाईंनी विचारलं.

"पानी शिमग्यालाच आटलं," सर्जेराव म्हणाले. "पर बेट हाय न्हवं. बेटावर बोटीनंच जायचं, असा नियम हाय. बसा."

"मग आम्ही चालत जातो की. समोर तर दिसतंय."

सर्जेरावांचा चेहरा दुखावल्यासारखा झाला. "चालत गेलासा तर मग बेट कसलं ऱ्हातंय, बाई? त्ये टेकाड हुतंय. टेकाडाला अनुदान न्हाई."

शरच्चंद्रांना हा युक्तिवाद बिनतोड वाटला. तोवर त्यांनी स्वतःचं जीवरक्षक जाकीट चढवून त्याचे बंद आवळलेही होते. पद्मजाबाईंनाही घालावं लागलं. बोटीत आणखी पंधरावीस माणसं चढली. त्यांत आयटी पार्कमधली पोरं होती, एक लग्न ठरलेलं जोडपं होतं, दोन आजीबाई होत्या. 'बोटीतून हात बाहेर काढू नये' अशी पाटी होती. कोणीही काढला नाही. ट्रॅक्टर धुरळा उडवत निघाला, वाटेतल्या शेळ्यांना सर्जेरावांनी हॉर्न दिला, आणि जहाज सुखरूप पैलतीराला लागलं.

तिथे स्वागताला श्री. अनंत घोलप उभे होते. त्यांच्या छातीवर 'अभिरक्षक, विज्ञान संग्रहालय' असा बिल्ला होता. घोलप हडकुळे, सभ्य आणि थकलेले होते. बोलताना ते समोरच्याच्या खांद्याकडे बघत, जणू तिथे वरिष्ठ उभे आहेत.

संग्रहालयाच्या दारावर 'हात लावा आणि शिका' असं लिहिलं होतं. आत प्रत्येक यंत्र काचेच्या पेटीत बंद होतं आणि पेटीवर 'हात लावू नये' असं लिहिलं होतं.

"लोक हात लावत होते," घोलपांनी खुलासा केला.

मधोमध छतापासून टांगलेला मोठा लंबक होता. पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे सिद्ध करण्याचं काम त्याच्याकडे होतं. तो सुतळीनं खांबाला बांधलेला होता. उद्घाटनाच्या दिवशी तो अध्यक्षांच्या भाषणात आडवा आला होता. तेव्हापासून पृथ्वी त्या दालनात फिरत नव्हती. विजेच्या दालनात वीज गेली होती. आरशांच्या दालनात जाड दाखवणारे, बारीक दाखवणारे, बुटके दाखवणारे आरसे होते, आणि त्यांत एक आरसा पुरवठादाराच्या चुकीनं सरळच आला होता. सगळ्यांत जास्त माणसं त्याच्यासमोर उभी राहून हसत होती. "हा भारी आहे," असं एक पोरगा म्हणाला. "किती विचित्र दिसतोय मी यात."

संग्रहालयातून बाहेर आल्यावर घोलपांनी दाराला कुलूप लावलं, खिशातून दुसरा बिल्ला काढून छातीवर अडकवला आणि शेजारच्या दारात उभं राहून नव्यानं नमस्कार केला. "या. मत्स्यालयात आपलं स्वागत आहे. प्रथमच आलात?"

"आत्ता तुम्हीच तर…" पद्मजाबाई म्हणू लागल्या. शरच्चंद्रांनी त्यांचा हात हलकेच दाबला. अतिरिक्त कार्यभार म्हणजे काय, ते त्यांना माहीत होतं.

मत्स्यालयात काचेच्या मोठमोठ्या पेट्या होत्या. पेट्यांत हिरवट पाणी होतं, बुडबुडे होते, प्लास्टिकची झाडं होती. पद्मजाबाईंनी एकेक पेटी निरखून पाहिली. मग त्यांना वाटलं, डोळ्यातच काहीतरी राहिलं असावं.

"मासे दिसत नाहीत."

"आहेत," घोलप म्हणाले.

"कुठे?"

"नोंदीवर." घोलपांनी आवाज उतरवला. "टँकरचं पाणी त्यांना मानवलं नाही. पण मृत दाखवायचे तर पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांचा दाखला लागतो. ते म्हणतात, मासा हा पशू नाही. त्यामुळे तूर्तास ते हयात आहेत. दोन वेळचं खाद्य व्यवस्थित घातलं जातं."

खरोखरच एक शिपाई पेट्यांमध्ये खाद्य टाकत होता. त्या खाद्यावर शेवाळानं छान बाळसं धरलं होतं. शरच्चंद्रांनी विचारात पडून काचेवर टिचकी मारली, तसा शिपाई ओरडला, "अहो आजोबा! काचेवर वाजवू नका, मासे बिचकतात!"

शरच्चंद्रांनी बोट मागे घेतलं आणि माफी मागितली. शिपायाची नव्हे, पेटीची.

तिसऱ्या दारात तिसरा बिल्ला होता: 'खगोल अधिकारी (प्रभारी)'. वेधशाळेबाहेर मात्र चांगलीच रांग होती. पद्मजाबाई रांगेत उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्या मनात एक साधा प्रश्न आला, आणि इतकी माणसं उभी आहेत त्या अर्थी त्याला उत्तर असणार, असंही त्यांना वाटलं. तरी त्यांनी विचारलाच.

"घोलपसाहेब, दुपारचे तीन वाजलेत. आत्ता शनी कसा दिसणार?"

"वेधशाळेची वेळ अकरा ते पाच आहे."

"पण तारे रात्री दिसतात."

"तारे दिवसाही असतातच, बाई. हे तर विज्ञानच सांगतं."

रांगेतल्या लोकांनी पद्मजाबाईंकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं.

दुर्बीण मोठी होती, पितळी होती आणि कोणी हलवू नये म्हणून सिमेंटमध्ये पक्की बसवलेली होती. पद्मजाबाईंचा नंबर आला. त्यांनी चष्मा काढून शरच्चंद्रांकडे दिला, पदर सावरला, उजवा डोळा दुर्बिणीला लावला आणि क्षणभर मिटूनच घेतला. मग उघडला.

शनी होता. पिवळाधमक, गरगरीत, भोवती रुंद कडी. चाळीस वर्षं थांबलेलं "अय्या" ओठांपर्यंत आलं होतं. तेवढ्यात कडीवर काहीतरी काळं येऊन बसलं आणि त्यानं पंख झाडले.

"अहो," पद्मजाबाई डोळा न काढता म्हणाल्या, "शनीवर कावळा बसलाय."

घोलप शांतपणे म्हणाले, "बसू शकतो."

"उलटा बसलाय. डोकं खाली."

"तिकडचं गुरुत्वाकर्षण वेगळं आहे."

पण रांगेत पहिले दोनच शब्द पोचले होते. मागच्या आजीबाईंनी पदर डोक्यावर घेतला. "कावळा? अगो बाई! शनिदेवाचं वाहनच ते!" आयटी पार्कमधला एक पोरगा धावत पुढे आला. "काकू, सीरियसली? कावळा? ओ माय गॉड, माझी साडेसाती चालूये!" त्यानं तिथल्या तिथे बूट काढले. त्याचं पाहून बाकीच्यांनी काढले. आजवर बेटावर हजारोंनी शनी पाहिला होता, पण साक्षात वाहनासकट कोणाला दर्शन झालं नव्हतं.

"अहो, थांबा तरी!" पद्मजाबाई ओरडल्या. "शनीच्या बाजूला दोरीवर तुमचा पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा वाळतोय! तंगड्या वर!"

हे वाक्य गर्दीत कोणाला ऐकू गेलं नाही. फक्त शरच्चंद्रांना ऐकू गेलं. त्यांनी दुर्बिणीला डोळा लावला. आकाशाच्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं, तरी पायजमा त्यांचाच होता, सकाळी त्यांनी स्वतःच गच्चीवर वाळत घातला होता. मग त्यांना हळूहळू आठवलं. गेल्या वर्षी मंडळानं सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर 'वैज्ञानिक स्वरूपाचं चित्र' काढायची परवानगी मागितली होती. टाकीचा तो भाग गच्चीवरून दिसत नसे, खाणीच्या बाजूला होता. बदल्यात मंडळाच्या नकाशात शिलाविहारची नोंद 'द्वीपाभिमुख' अशी होणार होती. पत्रावर शिक्का होता. त्यांनी सही केली होती.

"मला वाटलं, 'पाणी वाचवा' वगैरे लिहितील," ते हळूच म्हणाले.

गर्दी दुर्बिणीला नमस्कार करण्यात गुंतली असताना पद्मजाबाईंनी घोलपांना कोपऱ्यात गाठलं. "ही टाकी आहे आमची."

घोलपांनी पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. "मी काय करू, बाई? रात्रीचं पद मंजूर नाही. सूर्यास्तानंतर जलवाहतुकीला बंदी आहे. लोक दुपारी येतात आणि शनी मागतात. सुरुवातीला मी त्यांना खरं सांगायचो. ते तक्रार करायचे. एकदा तर म्हणाले, शनी नाही तर बोटीत कशाला बसवलंत? अध्यक्षांनी मला विचारलं, शनी आहे की नाही? मी म्हटलं, आहे, पण अभ्यागतांच्या सोयीच्या वेळेत नाही. ते म्हणाले, मग सोय करा." घोलप थांबले. "चित्रकारानं कडी मात्र अगदी प्रमाणात काढलीय हो."

पद्मजाबाईंना त्यांचा राग येईना, हीच खरी अडचण झाली.

पुढच्या शनिवारी बेटावर जत्रा लोटली. सर्जेरावांनी दुसरी बोट आणि दुसरा ट्रॅक्टर आणला. त्यांच्या आई तुळजाबाई धक्क्यावर तेलाच्या बाटल्या, काळे उडीद आणि रुईच्या पानांच्या माळा घेऊन बसल्या. शनीवर तेल घालता येईना, म्हणून लोक दुर्बिणीवर घालू लागले. भिंगावर तेलाचा थर चढला, त्यामुळे शनीभोवती झळाळी दिसू लागली, आणि झळाळी दिसते म्हटल्यावर रांग खाली खाणीत उतरली. मंडळानं याची दखल घेतली आणि वेधशाळेच्या दारावर सूचना लावली: 'येथे अंधश्रद्धा पसरवू नये. तेल डाव्या बाजूच्या नळीतच ओतावे.'

दर्शन घेतलेल्यांपैकी काहींना कावळा दिसला नाही आणि त्यांनी तिकिटाचे पैसे परत मागितले. तेव्हा मंडळानं शिलाविहारच्या सचिवांना कळवलं की, वाहनाची उपस्थिती नियमित राहावी यासाठी रोज सकाळी टाकीवर भात ठेवण्याची व्यवस्था करावी. शरच्चंद्र रोज अंघोळ करून, शिडी चढून, टाकीवर भाताचा मुटका ठेवू लागले. त्याच टपालानं आणखी एक सूचना आली होती: 'खगोलीय क्षेत्रात कपडे वाळत घालण्यास सक्त मनाई आहे.' शिलाविहारमधले सगळे कपडे घराघरांत पंख्याखाली वाळू लागले. कोणाची हरकत नव्हती. फ्लॅटच्या जाहिरातीत आता 'शनिदर्शनी' असा शब्द आला होता आणि भाव चढत होते.

"तुम्ही कावळ्याला भात घालता," पद्मजाबाई एकदा म्हणाल्या, "म्हणजे लोकांना टाकीवर शनी दिसावा म्हणून."

"लेखी आदेश आहे गं."

पद्मजाबाईंनी कोथरूडला सुनीतीला फोन लावला. सुनीती म्हणजे कॉलेजच्या मैदानावर त्यांच्या पुढे उभी असलेली, "अय्या" म्हणणारी तीच मुलगी; मैत्री पुढे टिकली, पण त्या "अय्या"चं कारण विचारायचं राहून गेलं होतं. पुढे तिनं एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं आणि आकाश बघण्याचा नाद आजवर ठेवला. सगळं ऐकून सुनीती इतकी हसली की फोन ठेवावा लागला. मग तिनंच पुन्हा केला. "ह्या दिवसांत दिवेलागणीनंतर पूर्वेलाच असतो गं तो. तुझ्या गच्चीवरून सरळ दिसेल. उद्या येते."

दुसऱ्या दिवशी सुनीती बसनं आली. दुर्बीण तिनं जुन्या सतरंजीत गुंडाळून आणली होती आणि बसमध्ये तिला तानपुरा समजून एका गृहस्थांनी जागा दिली होती. संध्याकाळी तिघं गच्चीवर गेली. सुनीतीनं दुर्बीण लावली, खूप वेळ खाटखूट केली आणि बाजूला झाली. "बघ."

पद्मजाबाईंनी पाहिलं. आधी काहीच नव्हतं. मग काळ्यावर एक ठिपका आला, थरथरला आणि स्थिर झाला. लहानसा होता, जोंधळ्याच्या दाण्याएवढा. फिक्कट. त्याच्याभोवती केसाएवढी बारीक, पण अगदी स्पष्ट कडी होती. तो हळूहळू सरकत होता आणि दुर्बिणीतून बाहेर चालला होता, कोणासाठीही न थांबता.

पद्मजाबाईंच्या तोंडून "अय्या" निघालं नाही. त्या बाजूला झाल्या आणि कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. सुनीतीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. शरच्चंद्रांनी न सांगता दुर्बिणीला डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही. शेवटी म्हणाले, "खरंच कडी आहे गं."

इथेच थांबल्या असत्या तर काही बिघडलं नसतं. पण चांगली गोष्ट एकटीनं खाऊ नये असं पद्मजाबाईंवर लहानपणापासून बिंबवलेलं होतं. सुनीतीनं दुर्बीण त्यांच्याकडेच ठेवली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी सबंध सोसायटीला गच्चीवर बोलावलं. लोक आले, जेवून आले, हात पुसत पुसत बघून गेले.

"एवढासाच?"

"कलर नाही का यात?"

"हलतोय हो, काकू. खरा असता तर असा हलला नसता."

"कावळा कुठाय?"

तळमजल्यावरच्या एक बाई समजुतीनं म्हणाल्या, "नाही, छान आहे, घरच्या मानानं. पण बेटावरचा जास्त खरा वाटतो."

आणि एका शेजाऱ्यानं, ज्यानं नुकताच शनिदर्शनी भावानं फ्लॅट घेतला होता, मंडळाला कळवलं.

आठवड्यात पद्मजाबाईंना नोटीस आली. त्यांनी निवासी इमारतीच्या गच्चीवरून विनापरवाना शनी दाखवला, सदर शनी आकार, रंग व स्थान या तिन्ही बाबतींत मंजूर शनीशी जुळत नाही, त्यामुळे अभ्यागतांच्या मनात संभ्रम निर्माण झाला. तरी अनधिकृत शनी बंद का करण्यात येऊ नये, याचा खुलासा समक्ष करावा, असं तीत म्हटलं होतं.

सुनावणी मंडळाच्या कार्यालयात झाली. अध्यक्ष मधोमध बसले होते. बाजूला घोलप उभे होते. त्या दिवशी त्यांनी तिन्ही बिल्ले एकदम लावले होते.

"तुमचा शनी केवढा आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

"दिसायला दाण्याएवढा."

"मंडळाचा आठ फूट आहे." अध्यक्षांनी हे फुशारकी न मारता सांगितलं. "आणि तो कुठे असतो?"

"संध्याकाळी पूर्वेला. मग वर चढतो, रात्रभरात पश्चिमेला जातो."

"म्हणजे एका जागी नसतो."

"ग्रह आहे तो. ग्रह हलतातच."

"मंडळाचा शनी उद्घाटनापासून जागचा हललेला नाही," अध्यक्ष म्हणाले. "बाई, मी तुमच्यावर खोटेपणाचा आरोप करत नाही. तुमचाही एखादा ग्रह असेल. पण हजारो लोक ज्याला शनी म्हणतात तो एक, आणि तुम्ही दोघी मैत्रिणी म्हणता तो एक. मी कोणाचं ऐकावं?"

"मग आज संध्याकाळी तुम्हीच वर या ना. डोळ्यानं बघा."

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं. "कार्यालय सहाला बंद होतं."

मग त्यांनी सोसायटीचे सचिव या नात्यानं शरच्चंद्रांना विचारलं. शिलाविहारची द्वीपाभिमुख नोंद कायम व्हायची आहे, ही आठवणही सौम्यपणे करून दिली. शरच्चंद्र उठले. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. पद्मजाबाई त्यांच्याकडे बघत नव्हत्या. उत्तर काय येणार, ते त्यांनी गृहीत धरलं होतं.

"मी दोन्ही पाहिले," शरच्चंद्र म्हणाले. "टाकीवरच्याची परवानगी माझ्याच सहीची आहे. त्याला रोज भात लागतो, शनिवारी तेल लागतं, बोट लागते, साहेब लागतात. गच्चीवरच्याला यातलं काही लागत नाही. आम्ही बघितला काय, न बघितला काय, तो आपला चालतो. तेव्हा…" त्यांचा आवाज जरा चिरकला. "तेव्हा त्याच्यावर शिक्का नसला, तरी खरा तोच असणार."

पद्मजाबाईंनी वळून नवऱ्याकडे पाहिलं. लग्न झाल्यापासून त्यांनी त्यांना शिक्क्याच्या विरोधात बोलताना ऐकलं नव्हतं. घोलप खाली मान घालून उभे होते. त्यांच्या तोंडून अगदी हळू "हो" असं निघाल्यासारखं वाटलं, पण इतिवृत्तात ते आलं नाही.

मंडळानं सहानुभूतीपूर्वक निर्णय दिला. गच्चीवरच्या ग्रहाला 'खासगी शनी' म्हणून मान्यता मिळाली; त्याचं दर्शन पाहुण्यांना देता येईल, मात्र तो मूळ शनी असल्याचा प्रचार करता येणार नाही. शिलाविहारनं तातडीची सभा घेऊन शरच्चंद्रांना सचिवपदावरून मोकळं केलं. ठराव हात वर करून मंजूर झाला. नव्या सचिवांनी भाताची जबाबदारी आनंदानं घेतली. घोलपांना चौथा बिल्ला मिळाला, 'देवस्थान समन्वयक'. आणि पाऊस पडून खाणीत खरोखरच पाणी भरलं, तेव्हा सर्जेरावांनी मंडळाकडे रीतसर तक्रार केली की, पाण्यामुळे ट्रॅक्टर चालवता येत नाही आणि बेटाचं नुकसान होतंय.

पद्मजाबाई आणि शरच्चंद्र आकाश मोकळं असेल त्या संध्याकाळी दुर्बीण घेऊन वर जातात. शरच्चंद्र आता गुरूचे चंद्रही ओळखतात. गच्चीला कुलूप नसतं. तिकीट नाही, जाकीट नाही, रांग नाही. शेवटचे दोन जिने तेवढे चढावे लागतात. ही हकीकत इकडेतिकडे पसरल्यापासून त्यांना अनोळखी माणसांचे फोन येतात. पुणेकर असतात, शिकलेले असतात, मंडळाच्या मूर्खपणावर पोटभर हसलेले असतात. पद्मजाबाई हरखून त्यांना सगळं सांगतात, शनी सध्या कधी उगवतो, कोणत्या दिशेला बघायचं, सोसायटीत कुठून शिरायचं. पलीकडचा माणूस "वा, वा" म्हणत ऐकून घेतो आणि मग जरा घुटमळून विचारतो, "येऊ हो नक्की कधीतरी. पण मला सांगा, ते बेट म्हणजे नेमकं कुठे आलं? गर्दी फार असते का?"

तुम्हीही तेच विचारणार, म्हणून आधीच सांगून ठेवतो. शनिवार टाळा. बुधवारी दुपारी बरं पडतं.